मजकूर कबूल नाही

नंदकिशोर पेंडसे हा न मोजता सही न करणारा माणूस होता. पिंपरीच्या एका कंपनीत तो चौदा वर्षं तपासनीस होता. मशीनवरून उतरलेला तुकडा हातात घ्यायचा, ड्रॉइंग समोर ठेवायचं, मायक्रोमीटर लावायचा आणि मग ओके नाहीतर रिजेक्ट. शिफ्ट सुटायची घाई असो की सुपरवायझर डोक्यावर उभा असो, पेंडशांचं आपलं एकच. कुणी म्हणालं की राव, डोळ्यांना दिसतंय की बरोबर आहे, तर तो शांतपणे सांगायचा की डोळ्यांना दिसतं ते मत, माप वेगळं. अशा माणसाबरोबर काम करणं सोपं असतं, संसार करणं अवघड.

संसार मोडला तोही असाच. कासारवाडीच्या दोन खोल्यांत त्याची आई आणि बायको वासंती यांचं पटेना. वासंतीला डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं आणि आईला घरातली सून घरातच हवी होती. नंदकिशोर दोघींचं ऐकून घ्यायचा. आईचंही काही चूक नाही, वासंतीचंही काही चूक नाही, असं त्याला प्रामाणिकपणे वाटायचं, आणि निर्णय काही व्हायचा नाही. एका सकाळी वासंती पाच वर्षांच्या हेमांगीला घेऊन खेडला भावाकडे निघून गेली. ती वाट बघत बसली की न्यायला येतील. हा वाट बघत बसला की राग उतरला की येईल. खेडचं नाव सरकारी कागदावर राजगुरुनगर असलं तरी कासारवाडीपासून अंतर काही त्यानं वाढलं नव्हतं. नाशिक फाट्यावर एस.टी. पकडली की तास-सव्वा तासाचा रस्ता. पण तो कुणीच तुडवला नाही.

वाट न बघणारा एकच निघाला, वासंतीचा भाऊ श्याम. तो तालुक्याच्या कचेरीत कारकून. त्यानं मुलीच्या पोटगीचा अर्ज लावून दिला. तेव्हा नंदकिशोरनं दामले नावाचे वकील केले होते. दामल्यांनी त्याला बजावलं होतं, "मी सांगेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. मुलीला भेटायला गेलात आणि दारात बाचाबाची झाली तर केस आपल्यावर उलटेल." नंदकिशोरनं मान डोलावली. पुढं निकाल झाला, मुलीला महिना चाळीस रुपये ठरले, ते तो दर एक तारखेला मनीऑर्डरनं धाडू लागला. दामले मात्र 'आता जा' असं सांगायच्या आत हृदयविकारानं वारले. परवानगी देणारा गेला, मनाई राहिली.

तुम्ही-आम्ही म्हणू, अरे गृहस्था, केस संपली की मनाई संपली, एवढंही कळू नये? पण ज्याचा जन्म ड्रॉइंगवर नवी सही आल्याशिवाय जुनं माप न बदलण्यात गेला, त्याला हे कळत नाही. किंवा कळतं आणि सोयीचं वाटतं. एका दिवाळीला तो फ्रॉक घेऊन नाशिक फाट्यापर्यंत गेला होता. दोन गाड्या सोडल्या, तिसरीत चढायला पाय उचलला आणि श्याम दारात उभा राहून काय बोलेल ते त्याच्या कानात आधीच वाजलं. फ्रॉक परत आला. पुढच्या वर्षी तो हेमांगीला लहान झाला असणार, म्हणून त्यानं तो शेजारच्या मन्सूर मिस्त्रीच्या नातीला देऊन टाकला. असं करता करता सात वर्षं गेली. आई जाऊनही दोन वर्षं झाली. ज्या भांडणापायी घर मोडलं त्यातलं एक माणूसच उरलं नाही, तरी भांडण आपल्या जागी.

एकोणऐंशीच्या जानेवारीत खेड कोर्टाचं समन्स घेऊन एक हवालदार कंपनीच्या गेटवर आला. पोलीस आला म्हटल्यावर सगळ्या मशीनशॉपला ती बातमी पेंडशांच्या आधी कळली. नंदकिशोरनं सही करून पाकीट घेतलं, खिशात ठेवलं, हातातला तुकडा मोजून पुरा केला आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात जाऊन ते फोडलं. वासंतीनं पोटगी वाढवून मागितली होती. चाळीसाचे एकशेवीस. सोबत अर्जाची नक्कल होती, टाइप केलेली, तीन पानी.

एकशेवीसचा आकडा वाचून त्यानं आधी मनात पगाराचा हिशेब मांडला, हे खरं. पिंपळे गुरवला एका ओळखीच्या माणसाकडं त्यानं स्वतःची खोली घ्यायचं बोलणं लावलं होतं, ते आता मिटल्यात जमा होतं. पण तो आकडा पहिल्याच पानावर होता, आणि दुसऱ्या पानावर गेल्यावर नंदकिशोर तो विसरला.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की अर्जदार क्रमांक दोन, कुमारी हेमांगी, ही आता बारा वर्षांची असून सातवीत शिकत आहे. ती अभ्यासात हुशार असून वर्गात पहिल्या तिघांत असते. परिच्छेद चारमध्ये तिला गेल्या वर्षी चष्मा लागला होता. पाचमध्ये तिची उंची इतकी झपाट्यानं वाढत होती की गणवेश दरवर्षी नवा शिवावा लागत होता. सहामध्ये तिला चित्रकलेची विशेष आवड होती आणि एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचं होतं, त्यासाठी कागद आणि रंग लागत होते. सातमध्ये हिवाळ्यात तिचे टॉन्सिल्स सुजत होते.

सात वर्षांत मुलीची एवढी बातमी त्याला कुणी दिली नव्हती. मनीऑर्डरची पोच यायची, त्यावर वासंतीची सही, बास. आता कोर्टाच्या शिक्क्याखाली, अर्जदार क्रमांक दोन म्हणून का होईना, पोर समोर येऊन उभी राहिली होती. त्यानं ते पान तीनदा वाचलं. टॉन्सिल्स लहानपणी त्याचेही सुजायचे. आई हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावायची. कुणी तिला गुळण्या करायला लावतं की नाही, या विचारात त्याचा डबा तसाच राहिला.

मग तिसरं पान. परिच्छेद आठ. सामनेवाल्याने गेल्या सात वर्षांत अर्जदार क्रमांक दोन हिचे तोंडही पाहिलेले नाही व त्यास तिच्याबद्दल कोणतीही आस्था नाही. सामनेवाला म्हणजे आपण, हे समजायला त्याला एक क्षण लागला.

सुट्टी संपायच्या आत युनियनचे बबनराव शेजारी येऊन बसले. हे मावळातल्या जुन्या घरचे, कुणाच्याही भानगडीत मनापासून पडणारे. त्यांनी कागद वाचला नाही, नुसता हातात घेऊन वजन केल्यासारखा पाहिला आणि विचारलं, तारीख कधी? वकील कोण? नंदकिशोर म्हणाला की वकील करावा की नाही याचाच विचार करतोय. बबनरावांना हे ऐकवेना.

"इचार कसला? समोर वकील हाय का न्हाई? हाय. मंग तुमी हात हालवत जाणार व्हय? फाडून खातील राव. आन हे चाळीसाचं एकशेवीस आज झालं, उद्या दोनशे व्हईल."

त्यांनी चिंचवडच्या शरच्चंद्र खांबेटे वकिलांचं नाव दिलं, कामगारांच्या केसेस घेतात, माणूस सज्जन आहे म्हणून सांगितलं, आणि येत्या गुरुवारी आपण दोघं जाऊ असं ठरवूनही टाकलं. गुरुवार हा कारखान्यांचा सुट्टीचा वार. नंदकिशोर दुधानं तोंड पोळलेला, ताकही फुंकून पिणारा. वकील म्हटलं की त्याला दामले आठवायचे. पण नाही म्हणायलाही त्याच्याकडं कारण नव्हतं. कारण मोजून हातात असल्याशिवाय तो नाही तरी कसं म्हणणार?

खांबेटे वकील खरंच सज्जन होते. साठीच्या घरातले, पान खाणारे, पक्षकाराला आधी चहा पाजणारे. त्यांनी अर्ज वाचला, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले की यात घाबरण्यासारखं काही नाही. बाई शिक्षिका आहे, स्वतः कमावते, तेव्हा एकशेवीस मिळत नाहीत. आपण नीट लढलो तर साठावर आणू. आपलं म्हणणं लेखी देऊ, आठ दिवसांनी येऊन सही करा. बबनरावांनी नंदकिशोरच्या पाठीवर थाप मारली. येताना त्यांनी त्याला मिसळ खाऊ घातली, जणू केस जिंकलीच.

पुढच्या गुरुवारी नंदकिशोर एकटाच गेला. म्हणणं टाइप होऊन तयार होतं. खांबेट्यांनी फुली मारलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि पेन पुढं केलं. नंदकिशोर म्हणाला, वाचून घेतो. वकील म्हणाले, अवश्य. बहुतेक पक्षकार वाचत नाहीत, त्यामुळं त्यांना कौतुकच वाटलं. ते पुढं फार टिकलं नाही.

परिच्छेद तीनमधील मजकूर खोटा, बनावट व खोडसाळ असून तो या सामनेवाल्यास मान्य व कबूल नाही. अर्जदार क्रमांक दोन ही हुशार आहे हे कबूल नाही. परिच्छेद चारमधील मजकूर खोटा असून अर्जदार क्रमांक दोन हिला चष्मा लागला हे कबूल नाही. तिची उंची वाढली हे कबूल नाही. तिला चित्रकलेची आवड आहे हे कबूल नाही. तिला टॉन्सिल्सचा त्रास होतो हे कबूल नाही.

नंदकिशोरनं कागद खाली ठेवला.

"वकीलसाहेब, ती हुशार नाही असं मी कसं म्हणू?"

खांबेटे हसले. त्यांनी समजावून सांगितलं की हे असं शब्दशः घ्यायचं नसतं. ही लिहायची पद्धत आहे. समोरच्यानं जे जे म्हटलं ते ते आपण नाकारायचं, म्हणजे ते सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर येते. एखादा परिच्छेद नाकारायचा राहिला तर तो मान्य केला असा अर्थ होतो. इंग्रजांच्या काळापासून असंच चालत आलंय, यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. नंदकिशोरनं ते सगळं लक्ष देऊन ऐकलं, त्यातला तर्कही त्याला पटला. मग त्यानं पुन्हा कागद उचलला, पुन्हा उंचीच्या ओळीवर अडकला आणि म्हणाला, "मी मोजलेलं नाही. न मोजता ओके करता येत नाही, तसं रिजेक्टही करता येत नाही. इथं सही माझी आहे."

वकिलांनी पुन्हा समजावलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. बाहेर बाकावर आणखी चार पक्षकार खोळंबले होते. शेवटी खांबेट्यांसारख्या सज्जन माणसाचाही पारा चढला. "मग असं करा पेंडसे," ते म्हणाले, "खेडला जा, मुलगी डोळ्यांनी बघून या. चष्मा आहे का, उंची आहे का, सगळं तपासा आणि मग येऊन मला सांगा काय खरं आणि काय खोटं. तोवर माझा वेळ घेऊ नका."

ते रागात बोलले होते. पण ऐकणारा नंदकिशोर होता. एका वकिलानं जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्यानं जा म्हणून सांगितलं. सात वर्षांनी का होईना, परवानगी मिळाली. तो जिना उतरला तो घरी न जाता थेट नाशिक फाट्यावर.

एस.टी. भोसरीवरून चाकणला गेली, चाकणला दहा मिनिटं थांबली, आणि तो खेडच्या स्टँडवर उतरला तेव्हा पावणेपाच झाले होते. मुलींची शाळा कुठली हे पानवाल्यानं सांगितलं. नंदकिशोर समोरच्या वखारीच्या सावलीत उभा राहिला. श्यामच्या घरी जायचं त्याच्या मनातही नव्हतं. नुसतं लांबून बघायचं, खात्री करायची आणि परतीची गाडी धरायची.

पाच वाजता घंटा झाली आणि फाटकातून मुली बाहेर पडल्या. निळे स्कर्ट, पांढरे ब्लाउज, दोन-दोन वेण्या, लाल रिबिनी. दोनशे असतील, तीनशे असतील. त्यानं चष्मे शोधायला सुरुवात केली. एक चष्मेवाली दिसली, ती फार ठेंगणी होती. दुसरी उंच होती पण रंगानं सावळी, आणि हेमांगी गोरी होती; की तान्ही असताना गोरी होती? तिसरी मैत्रिणींच्या घोळक्यात तोंड फिरवून गेली. चौथी त्याच्याकडं बघून हसली, तेव्हा तो एक पाऊल पुढं झाला. ती त्याच्या मागच्या बोरं विकणाऱ्या बाईकडं बघून हसली होती. नंदकिशोर एकेका चेहऱ्यावर पाच वर्षांच्या पोरीचा चेहरा ठेवून बघत होता आणि एकही बसत नव्हता. दहा मिनिटांत रस्ता रिकामा झाला. शिपायानं फाटक लावून घेतलं.

त्याची मुलगी त्याच्यासमोरून पंधरा-वीस हातांवरून गेली असणार, आणि ती कोणती ते त्याला कळलं नव्हतं. दहा हजार तुकड्यांतून एक चुकीचा तुकडा हुडकून काढणारा माणूस तो. वखारीच्या ओंडक्यावर बसून तो रडला. बोरंवाली बाई घाबरली, तिनं पाणी दिलं, कुणाचं काय झालं म्हणून विचारलं. कुणाचं काही झालं नाही, असं तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं हे फक्त मन्सूर मिस्त्रीला सांगितलं. मन्सूर स्टेशनच्या रस्त्याला स्कूटरी दुरुस्त करायचा. त्याला तीन मुली, तिघीही लग्न होऊन गेलेल्या. त्यानं हात पुसत सगळं ऐकून घेतलं. नंदकिशोर म्हणाला की अर्जातलं आठवं कलम खरंच आहे, मन्सूरभाई. तोंड पाहिलेलं नाही, आणि आता पाहिलं तरी ओळखता येत नाही.

"ओळख तर भेटल्यानं होते, नंदूभाऊ," मन्सूर म्हणाला. "ती काय मशीनचा पार्ट आहे, की ड्रॉइंग बघून ओळखशील? तू गेला नाहीस, ही तुझी चूक. पण आज रडलास ना? ज्याला काही वाटत नाही तो रडत नसतो."

एवढं बोलून तो पुन्हा स्कूटरखाली गेला. 

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर त्यानं चिंचवडला जाऊन खांबेटे वकिलांना सांगितलं की मला वकील नको. काय खरं आणि काय खोटं ते मी बघायला गेलो होतो, मला काहीच बघता आलं नाही, तेव्हा मी कशालाच खोटं म्हणू शकत नाही. खांबेट्यांनी सही न झालेलं म्हणणं दुमडून बाजूला ठेवलं. मग म्हणाले की बिनवकिलाचं जाणार असाल तर निदान विचारलं तेवढंच बोला. बबनरावांनी हे ऐकून कपाळावर हात मारला आणि दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. पिंपळे गुरवच्या माणसाला त्यानं खोलीचं जमत नाही म्हणून निरोप धाडला.

तारीख मंगळवारची होती. नंदकिशोरनं रजा घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. खेडच्या कोर्टात त्यांचा पुकारा व्हायला दुपार झाली. पलीकडं वासंती उभी होती. केसांत थोडं पांढरं दिसत होतं, खांद्याला शिक्षिकांची असते तसली मोठी पिशवी. तिच्या मागं श्याम, पुढं त्यांचे वकील. तिनं एकदा नंदकिशोरकडं पाहिलं आणि मग त्याच्या आजूबाजूला पाहिलं, याचा वकील कुठंय म्हणून.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनीही तेच विचारलं. नंदकिशोर म्हणाला, वकील केला नाही. लेखी म्हणणं आणलंय? नाही, तोंडी सांगतो. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि अर्ज उघडला. मुलगी सातवीत शिकते, हुशार आहे, हे कबूल आहे का? कबूल आहे. चष्मा? कबूल. उंची वाढल्यामुळं गणवेश?

"कबूल आहे साहेब," नंदकिशोर म्हणाला. "फक्त किती वाढली ते अर्जात लिहिलेलं नाही."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. साहेबांनी हात वर करून गप्प केलं. तेवढ्यात वासंती हळूच म्हणाली, "चार फूट दहा इंच." तिच्या वकिलांनी मागं वळून डोळे मोठे केले. नंदकिशोरनं मान हलवली. ते माप त्यानं मनात नोंदवून घेतल्यासारखं दिसलं.

चित्रकला कबूल. टॉन्सिल्स कबूल, आणि गुळण्या करते का, हे विचारायचं त्याच्या ओठावर आलं होतं पण खांबेट्यांचं आठवून तो गप्प बसला. एकशेवीसची मागणी? त्यावरही तो म्हणाला, देईन. तिच्या वकिलांना आता काही कामच उरलं नव्हतं. घोटून पाठ केलेलं सगळं भाषण त्यांच्या घशात राहिलं. साहेबांनी शेवटचं पान उलटलं आणि परिच्छेद आठ मोठ्यानं वाचला. सात वर्षांत मुलीचे तोंडही पाहिलेले नाही व तिच्याबद्दल कोणतीही आस्था नाही. हे कबूल आहे?

नंदकिशोरनं साहेबांच्या हातातल्या पानाकडं पाहिलं. त्यानं कठड्यावर हात ठेवले.

"साहेब, यात दोन गोष्टी आहेत. तोंड पाहिलं नाही, हे खरं आहे. गेल्या महिन्यात मी शाळेसमोर येऊन उभा राहिलो होतो. सगळ्या मुली माझ्यासमोरून गेल्या आणि मला माझी मुलगी ओळखता आली नाही. ते मी कबूल करतो."  तो सावरून म्हणाला, "पण आस्था नाही, हे कबूल नाही. एवढं एकच कबूल नाही."

"पुरावा काय?" साहेबांनी विचारलं. सवयीनं विचारलं असणार, कारण विचारल्यावर त्यांनीच नजर खाली घेतली.

"पुरावा नाही, साहेब."

 वासंतीनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. सात वर्षं ती याच्यावर रागावली होती, आणि तो राग खोटा नव्हता. आजारपणात रात्र रात्र एकटीनं काढली होती तिनं, पोरीच्या प्रश्नांना एकटीनं तोंड दिलं होतं. ते विसरण्यासारखं नव्हतंच. पण हा माणूस तिला ठाऊक होता. न मोजलेली गोष्ट हा बोलत नाही, हे तिच्याइतकं त्या कोर्टात कुणाला ठाऊक असणार? ती पुढं झाली.

"साहेब, ते वाक्य मी सांगितलं नव्हतं. ते खोडून टाका."

तिचे वकील उठून म्हणाले की अर्जात असं लिहायची पद्धतच असते. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि पेनचं टोपण काढलं. "दोन्ही गोष्टी खोडायच्या का बाई?"

"दुसरी खोडा," वासंती म्हणाली. "पहिली इथं खोडून भागायचं नाही. शाळा पाच वाजता सुटते."

साहेबांनी एकशेवीसचा हुकूम लिहिला, आणि त्यांची लेखणी त्या ओळीवर अर्ध्यातून पुढं फिरली. बाहेर आल्यावर श्याम काहीतरी बोलणार होता. वासंतीनं त्याला घरी जाऊन चहाचं आधण ठेवायला सांगितलं, चौघांचं. तो बहिणीकडं बघत राहिला आणि गेला.

शाळेपर्यंत दोघं चालत गेले, मध्ये हातभर अंतर ठेवून. वासंतीनं आईंचं कळलं होतं म्हणून सांगितलं. पत्र लिहायला घेतलं होतं, पुरं झालं नाही. नंदकिशोर म्हणाला, तिनं शेवटी तुझं नाव घेतलं होतं, आणि ते तुला कळवायला हवं होतं. त्यावर ती चालायची थोडी थांबली.

घंटा झाली. तोच लोंढा बाहेर आला. वासंती बोट दाखवणार तोच तो म्हणाला, थांब, मला बघू दे. आज तो वखारीच्या सावलीत नव्हता, फाटकासमोर उन्हात उभा होता. त्यानं मोठ्या खात्रीनं एक उंच चष्मेवाली निवडली. ती नव्हे, वासंती म्हणाली. त्यानं दुसरी निवडली. तीही नव्हे, ती चितळ्यांची. वासंतीला हसू आवरेना. चष्मा शोधून काय उपयोग, ती म्हणाली, आपली कन्या वर्ग सुटला की चष्मा काढून ठेवते, मैत्रिणी चिडवतात म्हणून. तो आणखी लांब मान करून बघू लागला, आणि त्या नादात एक काटकुळी मुलगी त्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ती त्याच्या चपलांपासून केसांपर्यंत बारकाईनं बघत होती. घाई नव्हती. एकदा बघून झालं तरी तिनं पुन्हा एकदा सगळं नीट पाहून घेतलं.

"आई," तिनं विचारलं, "हेच ना?"

"हेच," वासंती म्हणाली.

नंदकिशोरला बोलायचं होतं. सात वर्षांचं कितीतरी साठलं होतं. आजूबाजूला मुली आपापल्या आयांच्या, आज्यांच्या, भावांच्या हातात आपली ओझी टाकून मोकळ्या होऊन पुढं पळत होत्या. हेमांगीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग तिनं खांद्यावरचं दप्तर काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"जड आहे हं," ती म्हणाली.

त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि तिघं घराकडं चालू लागली.